डवलो अजून टेबलावरच

टीचर गेल्याची बातमी आली तेव्हा मी खोटं बोलत होतो. त्यात नवल काही नाही, माझा धंदाच तो. तोंडवलीच्या समुद्रात पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला मी होडी नेतो, आणि डॉल्फिन दिसेपर्यंत माणसं धरून ठेवायची तर गजाली लागतात. त्या सकाळी पुण्याच्या एका कुटुंबाला मी सांगत होतो की इथली एक म्हातारी डॉल्फिन माझ्या आजोबांना ओळखायची. आजोबा वारले तेव्हा तिने सुतक पाळलं, मासा म्हणून तोंडात घेतला नाही. गोष्ट रंगात आली होती, पोरांनी तोंडाचा आ केला होता, तेवढ्यात फोन वाजला. शेवंती होती, आमच्या वाडीतली. "बाबलदादा, फिलू टीचर गेली..." म्हणाली. मग अगदी बारीक आवाजात, "आता माझ्या तन्वीचा, माझ्या चेडवाचा काय?"

शार्कच्या जबड्यातून बांगडा काढून आणलेला माणूस मी, निदान सगळीकडे तसं सांगतो तरी. पण इंजिनाची दोरी ओढायला हात वर होईना. पुण्याच्या बाईंनी विचारलं, "काय झालं हो?" पर्यटकाला मी जन्मात पहिल्यांदा खरं उत्तर दिलं. म्हटलं, "ताई, काय झालं ते माका अजून कळला नाय."

फिलोमिना टीचर म्हणजे आमच्या प्राथमिक शाळेची टीचर. अर्ध्या गावाला तिने बाराखडी शिकवली, उरलेल्या अर्ध्याला कान धरून उभं केलं. मी दोन्हीत होतो. तिने "बाबल्या!" अशी हाक मारली की देवगडच्या बागेतले आंबे देठ सोडायचे. निवृत्त झाल्यावर ती गोव्याला भाच्याकडे जाऊन आरामात राहील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण झालं भलतंच. लोक तिच्या ओट्यावर येऊन बसू लागले. कुणाची निराधार पेन्शन अडलेली, कुणाचं रेशन, कुणाचं औषधपाणी. सरकार गरिबाला देत नाही असं नाही, देतं. पण धान्य एका दारात, दाखला दुसऱ्या दारात, उपचार तिसऱ्या दारात, आणि प्रत्येक दार म्हणतं, आधी त्या दाराकडचं घेऊन ये. तिसऱ्या दारापर्यंत पोचेस्तोवर पहिल्या दाखल्याची मुदत संपलेली असते. या दारांचा मेळ कोण बसवणार? ते कुठल्याच दाराचं काम नव्हतं, म्हणून टीचरने ते आपलं करून घेतलं.

कसं, तर जेवायला बोलावून. तलाठी भाऊसाहेब, रेशन दुकानाचे दाजी आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर, तिघांना एकाच दुपारी आमंत्रण, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही! पहिल्यांदा तिने सोमवार धरला आणि कोण म्हणजे कोण फिरकलं नाही. ख्रिस्तांवाच्या घरी सोमवारी शिवराक, म्हणजे बिनमासळीचं, खायला कोण येणार? तेव्हापासून बुधवार. मासळी मी आणायची. शिवाय स्वयंपाकघरात कालनिर्णयासारखं एक कॅलेंडर टांगलं, त्यावर एकादशी, संकष्टी, श्रावण सगळं लाल पेनाने गोल केलेलं. कोणाचा उपास कधी ते आमच्या भटजींपेक्षा त्या बाईला जास्त ठाऊक.

तिच्या आजोबांचं लांबलचक शिसवी टेबल होतं. त्याच्याभोवती तिघे बसले की टीचर हातात डवलो घ्यायची, म्हणजे करवंटीला लाकडी दांडा लावलेला आमच्याकडचा पळा. बांगड्याचं तिखलं डवल्यात भरून भाऊसाहेबांच्या भातावर आणायची आणि... तिथेच थांबायची. ऑफिसातल्या माणसांशी ती शुद्ध मराठीतच बोले. "भाऊसाहेब, शांतामावशीच्या पेन्शनचं कुठवर आलं?" "टीचर, तिचं रेशनकार्डावर नाव नाही हो." की डवलो दाजींच्या ताटाकडे. "दाजी?" "आधाराचा काम रवला, टीचर." डवलो सिस्टरांकडे. वाफ तिघांच्या नाकात जातेय आणि ताटात काही पडत नाही. एकदा डवलो इतका वेळ अधांतरी राहिला की खालच्या भाताला कोंब फुटले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय! भात खाऊन होईपर्यंत शांतामावशीचं कोणी काय करायचं ते ठरलेलं असे. याला कोणी लाच म्हणेल, तर त्याने बांगड्याचं तिखलं खाल्लेलं नाही.

नेम एकच. हाती घेतलेलं काम तडीला गेलं की डवलो धुऊन चुलीमागच्या खिळ्याला जायचा. तोवर तो टेबलावर.

शेवंतीचं काम आलं ते मात्र वेगळं होतं. नवरा गेलेला, ती बंदरावर सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलते. बर्फात आणि खाऱ्या पाण्यात हात घालून घालून तिची बोटं बाटलीसारखी गुळगुळीत झालीत. रेशनचं मशीन तिचा अंगठा ओळखेना. मग कार्डावरचं नाव गेलं. कार्ड नाही म्हणून उत्पन्नाचा दाखला अडला. आणि तिची तन्वी, दुसरीतली पोर, हृदयाला जन्मापासून भोक. कोल्हापूरच्या हॉस्पिटलाने ऑपरेशनची तारीख दिलेली, सरकारी योजनेत फुकट, पण कार्ड आणि दाखला दोन्ही हवेत. ती पोर चार पावलं चालली की उकिडवी बसते. ओठ जांभळासारखे होतात. मी तिला देवमाशाच्या गोष्टी सांगतो आणि सांगताना तिचा श्वास ऐकत असतो... मध्येच तो थांबला तर, एवढंच डोक्यात असतं.

टीचर शेवटची भेटली ती मंगळवारी संध्याकाळी. ओट्यावर बसून नारळ खोवत होती, आणि खोवणीवर तिचा हात थरथरत होता. मी चेष्टेने म्हटलं, "काय गो टीचर, थंडी वाजता?"

"भिया वाटता, बाबल्या."

"तुका? खोटा बोलू नको!"

"खोटा बोलणा तुझा काम." ती हसली नाही. "दर बुधवारच्या आधी वाटता. एक खुर्ची रिकामी रवली की सगळा पयल्यापासून. बाकीच्यांका मी सांगतंय, थांबा. ह्या चेडवाक कसा सांगू?"

एवढी वर्षं मला वाटायचं, भीती असलीच तर ती या बाईला बघून पळते. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी होडी घेऊन गेलो. दुपारपर्यंत मासळी घेऊन परतायचं होतं. टीचर सकाळीच स्वयंपाकघरात खुर्चीत बसल्या बसल्या गेली. तिघेही त्या दिवशी आले, पण मयताला.

माती झाल्यावर गोव्याचा भाचा घर आवरू लागला. टेबलावरचा डवलो त्याने उचलला आणि मी असा काही ओरडलो की बिचाऱ्याच्या हातून तो पडता पडता राहिला. "थंयसरच ठेव!" त्याला वाटलं मला दुःखाने वेड लागलं. लागलंही असेल. किल्ली त्याने माझ्याकडे दिली आणि तो गेला, आणि माझ्या ध्यानात आलं की आता सगळी वाडी माझ्याकडे बघतेय. मी! ज्याच्या 'हो'वर कोणी वाटीभर सोलकढीसुद्धा उधार देत नाही. ऑपरेशनची तारीख मात्र टीचरसाठी थांबणार नव्हती.

दोन आठवड्यांनी मी बुधवार धरला. आता त्या टेबलावर कशाला कोण येणार, या धास्तीने मी तिघांना फोनवर एकच थाप मारली: "टीचरने जाताना तुमचंच नाव घेतलं." तिघेही आले. शेवंतीने तिखलं केलं होतं, मी डवलो भरला, आणि दाजी डोळे पुसत म्हणाले, "शेवटाक माझाच नाव घेतल्यान ना माउलीन?" भाऊसाहेब म्हणाले, "तुमचं? बाबल, तू तर म्हणालास माझं." सिस्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की होडीत बसून थेट आफ्रिकेला जावंसं वाटलं. आणि ते कमी म्हणून की काय, भाऊसाहेबांनी ताट हलकेच मागे सारलं. "आज संकष्टी आहे रे."

कॅलेंडर माझ्या डोक्यामागेच टांगलेलं होतं. लाल गोलासकट. दाजींचाही उपास. वाफाळतं तिखलं हातात धरून मी उभा, आणि समोर चंद्र उगवल्याशिवाय न जेवणारी माणसं! टीचरच्या सगळ्या हिकमतीचं मी एका दुपारी पाणी केलं. एक थाप सुचेना. डवल्यातला रस्सा टेबलावर टिपटिप गळत होता. भाऊसाहेब उठायच्या बेतात होते.

तेवढ्यात तन्वी ओटा चढून आली. तीन पायऱ्या. वरच्या पायरीवर ती उकिडवी बसली आणि श्वास घेऊ लागली. घरात कोणी जेवत नव्हतं, ताटांचा आवाज नाही, बोलणं नाही... फक्त तो श्वास. आम्ही सगळे तो ऐकत राहिलो, प्रत्येक श्वासानंतर पुढचा येतोय का याची वाट बघत.

दाजींनीच आधी तोंड उघडलं. "तालुक्याक डोळ्यांचा मशीन आसा, थंय अंगठो लागना नाय. उद्या सकाळी मी घेवन जातंय शेवंतीक." भाऊसाहेब परत खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "कार्डाचं झालं की मला फोन कर दाजी, दाखल्याचा अहवाल मी तयारच ठेवतो. तहसीलला स्वतः नेतो." सिस्टर बाहेर जाऊन कोल्हापूरला फोनवर बोलू लागल्या. मी अजून डवलो धरूनच होतो. शेवंतीने माझी बोटं एकेक करून सोडवली आणि तो टेबलावर ठेवला.

कार्ड झालं, दाखला झाला. काल मायलेकी गगनबावड्याच्या घाटाने कोल्हापूरला गेल्या. ऑपरेशन आज आहे. हे लिहायला मी टीचरच्याच टेबलाशी बसलोय, कारण होडीवर जायची हिंमत झाली नाही. पर्यटकांनी गोष्ट मागितली असती आणि माझ्याकडे आज एकही नाही. डवल्याला मुंग्या लागल्या होत्या, म्हणून धुतला. धुऊन हात आपोआप चुलीमागच्या खिळ्याकडे गेला... आणि मी घाबरून मागे घेतला. पुन्हा टेबलावर ठेवलाय, उताणा.

सकाळपासून फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा होडीचं बुकिंग होतं. पण उचलण्याआधी मी डवल्याकडे बघतो.