पिवळं पाकीट आणि पोच

तैवानमधल्या काओशुंगच्या मासळी बाजारात लिलाव संपला की भावांची फाइल आधी शीतगृहाकडे जाते, मग बँकेकडे. तिन्ही ठिकाणचे संगणक वेगवेगळ्या पिढ्यांतले, एकमेकांचं तोंडही न बघणारे. फाइली आपोआप जातात असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात त्यांच्यातली बोलणी चुओ बी-युन जमवते: कोणी कधी पाठवायचं, किती थांबायचं, एखादा रुसला तर त्याला पुन्हा कितीदा विचारायचं. नियम एकच. पाठवली म्हणजे पोचली नव्हे. पोच आली पाहिजे.

या नोकरीपायी तिने एकही मेजवानी शेवटपर्यंत जेवलेली नव्हती. सुपाला हात लावला की फोन. मुलाच्या लग्नात मात्र शेवटच्या फळांपर्यंत उठायचं नाही, असं ठरवून तिने त्या दिवसाचं काम तैपेइहून आलेल्या वन-लुंग या नव्या इंजिनिअरवर सोपवलं. "यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून वर ठेवलेलं मक्याच्या खाऊचं पाकीट जुनं झालंय, ते बदल," एवढं बजावलं.

मांडव रस्त्यातच होता. कोळंबी संपत आली तेव्हा फोन वाजला, पण माझा. मी लिलाव पुकारतो. संगणकातलं मला काही कळत नाही.

"दादा, शीतगृहाची पोच येत नाहीये. ताईंना सांगू नका."

मी आचाऱ्याच्या सिलिंडरांमागे गेलो. "पाकीट बदललंस?"

"बदललं की."

"रंग?"

"हिरवी संपली होती. पिवळं ठेवलं. आत मकाच आहे ना?"

"तैपेइत शिकवतात तरी काय तुम्हाला? हिरव्याने यंत्र चालतं, पिवळ्याने अडतं. दुसरं दुकान बघ. आणि जमलं तर शीतगृहालाही फोन कर."

त्याने दोन्ही केलं. शीतगृहवाले म्हणाले, झाडताना वायर निघाली होती, ती खोचली. वन-लुंग म्हणाला, हिरवं ठेवलं आणि त्याच क्षणी फाइल गेली. मी दोघांनाही हो म्हटलं.

वाफवलेला मासा टेबलावर आला आणि बी-युनचा फोन वाजला. विहीणबाईंचा हात हवेतच थांबला. "झालं," नवरदेव पुटपुटला, "निघाली आई."

"ताई, फाइल पोचली."

"मग फोन कशाला केलास?"

"पोच द्यायला. तुमचाच नियम."

बी-युन इतकी हसली की सुनेने तिच्यापुढे पाणी धरलं. "बरं. आता बँकेची पोच आली की दादांना कळव," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "सिलिंडरांमागे त्यांचा फोन छान लागतो."

मग तिने फोन बंद करून विहीणबाईंच्या पर्समध्ये टाकला आणि माशाच्या गालाचा तुकडा, जो रीतीने पाहुण्यांना द्यायचा असतो, स्वतःच्या वाटीत घेतला.