एकमेकांच्या तिकिटावर दोन व्याही

माझं पिंप्राळ्यात पंक्चरचं दुकान आहे. शिक्षण चौथी, आणि तिथंही गुरुजी मला वर्गाबाहेरच जास्त बसवायचे. वाचता येतं, पण मोठ्यानं वाचावं लागतं. त्यामुळे मी बोर्ड वाचत चाललो की लोकांना वाटतं, म्हातारा बडबडतोय.

माझी लेक धुळ्याला दिली. जावई सरकारी नोकरीत, म्हणून आता ते मुंबईला चर्चगेटजवळच्या क्वार्टरमध्ये राहतात. आमच्याकडे व्याह्याला याही म्हणतात. आमचे याही एष्टीत कंडक्टर होते, आता रिटायर आहेत. लग्नात वऱ्हाडाच्या गाडीचं भाडं मी द्यायचं ठरलेलं. मी टोपी नीट करत पैसे घेऊन गेलो, तर यांनी आधीच देऊन टाकलेलं. मी चारचौघांत म्हणालो, "आम्ही काय एवढे गेलेले वाटलो?" ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "गेलेले नही, पन तोंड भलतं मोठं शे." तेव्हापासून बोलणं बंद. निरोप असला तर लेकीमार्फत.

नातीचं बारसं ठरलं. लेकीनं फोन केला. सासऱ्यांना ती नाना म्हणते. "आबा, तुमचं आणि नानांचं जळगावहून विमानाचं तिकीट काढलंय. एकाच विमानात, शेजारी शेजारी. उतरल्यावर जमिनीखालची मेट्रो धरायची आणि चर्चगेटला यायचं. मी गेटाशी घ्यायला येते. आणि ऐका, दोघं बोलत घरात शिरला नाहीत, तर मी पाळणा बांधणार नाही."

लेक माझ्यावर गेलीय. बोलली की बोलली.

विमानात याही खिडकीशी बसले आणि मुंबईपर्यंत ढगांशीच बोलत राहिले. मी पुढच्या खुर्चीच्या पाठीवरचा कागद वाचला. मोठ्यानं.

मेट्रोच्या स्टेशनात शिरलो आणि माझी बडबडच थांबली. काय ते! आमच्या जळगावचं अख्खं मार्केट आत मावलं असतं, आणि खाली एक कागदाचा कपटा नाही. मी चप्पल काढू का, असं विचारणार होतो. विचारलंही. सफाईवाल्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या काका."

तिकीट कुठून घ्यायचं, तर खिडकी होती, मशीनही होतं. काही लोक मोबाईलच पुढं धरून जात होते, काहींकडे कार्ड होतं. याही सरळ खिडकीकडे गेले. मी म्हटलं, आपण मशीन धरू, म्हणजे यांच्या आधी मोकळे होऊ. आमच्याकडे सोबत निघालं की दुसऱ्याचं तिकीट आपण काढायचं, ही रीतच आहे. बसमध्ये गावचा माणूस दिसला तरी लोक कंडक्टरला ओरडून सांगतात, याचं घेऊ नका, माझ्याकडे. आणि हे तर याही!

मशीननं भाषा विचारली. मराठी दाबलं. स्टेशन विचारलं, तेही दाबलं. माणसं किती, दोन. मग मी नोट घातली, तर मशीननं ती बाहेर ढकलली. पुन्हा घातली, पुन्हा बाहेर. नोटेला पंक्चरचं सोल्युशन लागलेलं होतं. दुसरी नोट मात्र गेली आणि दोन कागदी तिकिटं खाली पडली. छातीशी धरून वळतो, तर याहींच्या हातात पण दोन.

गेटाजवळ युनिफॉर्ममधली पोरगी उभी होती. मी तिला म्हणालो, "ताई, यांना सांगा, यांचं तिकीट माझ्याकडे आहे."

याही पण तिलाच म्हणाले, "बेटा, ह्यासले सांग, तिकीट मी काढी लिधं."

"मशीनचं तिकीट जास्त चांगलं असतं, सांगा."

"मी जनम काढा लोकेसले तिकिटं देवामा. दुसराना तिकीटवर बसाव नही, सांग."

मागं बॅगांची रांग लागली. पोरगी म्हणाली, "काका, तुम्ही यांचं तिकीट लावा, हे तुमचं लावतील. आता चला!" तिनं स्वतः अदलाबदल करून एकेक तिकीट काचेवर धरलं. झडपा उघडल्या, आम्ही आत.

मग तो सरकता जिना. खाली, खाली, आणखी खाली. माझ्या मामाची विहीर गावात सगळ्यांत खोल, तिच्यासारख्या दोन-तीन एकीवर एक ठेवल्या असत्या तरी वर जागा उरली असती. गार हवा, आणि भिंती कोरड्या ठणठणीत. याही कठडा घट्ट धरून वर बघत होते. एकदम हवेलाच म्हणाले, "एवढं खोल खंदं, तरी पानी कसं नही लागनं?"

माझ्या मनात नेमकं तेच होतं. मी पण हवेलाच म्हणालो, "लागलं असेल. कुठं तरी वळवलं असेल."

खाली फलाटाला काचेची भिंत. आवाज न करता गाडी आली आणि काचेचे दरवाजे बरोबर डब्याच्या दरवाज्यांसमोर उघडले. बोटभर इकडं नाही की तिकडं नाही. मी चाकांतला माणूस. मला सायकलचं चाक सरळ बसवायला अर्धा दिवस लागतो. आत याही सारखे मागं वळून बघत होते. शेवटी हळूच म्हणाले, "कंडक्टर कोठे शे?" कोणी नव्हता. बाहेर नुसता अंधार पळत होता, वर अख्खी मुंबई होती, आणि आम्ही तिच्या पायाखालून चाललो होतो. मी हात जोडले. शेजारच्या बाईंना वाटलं, त्यांनाच नमस्कार केला. त्यांनीही केला.

चर्चगेटला वर आलो. गेटापलीकडे लेक उभी, खांद्यावर नात. आता माझा बेत ऐका. आत येताना याहींचं तिकीट लावलं, ठीक. बाहेर पडताना आपलं लावावं, म्हणजे घरी सांगता येईल, मी माझ्याच तिकिटावर आलो. खिशातून माझं उरलेलं काढलं, काचेवर धरलं. लाल दिवा. झडप हलेना. पुन्हा धरलं, पुन्हा लाल. शेजारी बघतो, तर याही पण त्यांच्या गेटाशी अडकलेले, त्यांचाही दिवा लाल.

"आबा! नाना! काय झालं?" लेक ओरडली.

तिथला माणूस आला. म्हणाला, "ज्या तिकिटानं आत आलात, तेच लावा. दुसरं चालणार नाही."

माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या खोल, एवढ्या लांब, इतकी माणसं. त्या एवढ्याशा काचेला कसं कळलं, की मला माझ्या याहींनी आणलंय? घरचे लोक इतका हिशेब ठेवत नाहीत. मी याहींकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. ते पण माझ्यासारखेच आपलं तिकीट चालवायला निघाले होते, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मी याहींचं तिकीट काढलं. धरलं. हिरवा दिवा, झडप उघडी. त्यांनी माझं धरलं, तेही बाहेर.

"याही," मी म्हणालो, आता हवेला नाही, त्यांना. "तुमच्या तिकिटावर आलो बरं का."

"आन मी तुमना," ते म्हणाले. "मशीनले बठ्ठं, सगळं ठावं शे, भाऊ. मी कंडक्टर व्हतू, माले इतलं कधीच समजनं नही."

"पण ते पाणी कुठं जात असेल हो?"

"समुद्रमा सोडतस व्हतीन."

"समुद्र तर वर, आपण खाली. वर कसं जाईल?"

यावर ते रस्ताभर भांडले. मोटार लावली असेल म्हणाले. मी म्हणालो, एवढी मोटार कोण बनवणार? क्वार्टरच्या दारात आलो तरी मिटलं नव्हतं. लेकीनं दार उघडलं, आम्हाला आत घेतलं आणि दोरी घेऊन पाळणा बांधायला गेली.

बारसं झालं. पाणी कुठं जातं, ते अजून ठरलेलं नाही. याही दर दोन-चार दिवसांनी धुळ्याहून फोन करतात, नवीन काही तरी सुचलेलं असतं. मी पण मुद्दाम मान्य करत नाही.