आठवा बोळा

आमच्या करंजाड्याच्या सोसायटीत कोणाच्या घरी काय शिजतंय ते मला माहीत असतं, असा माझ्यावर आरोप आहे. तो खोटा आहे. काय शिजतंय ते वासावरून कोणालाही कळतं. का शिजतंय, ते मला माहीत असतं. त्यामुळे समोरच्या दारातल्या दादू कोळ्यांबद्दल लिहायचा अधिकार माझाच.

मी त्यांना दादूशेठ म्हणतो. शेठपणाचं एकही लक्षण अंगात नाही, म्हणूनच. मूळचे गव्हाणचे. चौथी झाल्यावर चुलत्याच्या होडीवर गेले आणि चाळीस वर्षं इंजिनापाशी बसले. "तांडेल सांगतो होडी कुठं न्यायची. न्यायची का नाय, ते इंजिन सांगतं." आयुष्यात त्यांनी केलेलं हे सर्वांत लांब भाषण. तीन वर्षांपूर्वी होडी विकली आणि बायको ठमाबाई, मुलगी कीर्ती यांच्यासकट आमच्या चौथ्या मजल्यावर राहायला आले. ठमाबाई अजूनही पनवेलच्या मासळी बाजारात बसतात. दादूशेठ गॅलरीत उभे राहतात आणि ऐकतात.

हो, ऐकतात. खालून गाडी गेली की मान जराशी तिरकी करतात. सोसायटीतल्या सगळ्या गाड्या त्यांना आवाजावरून ओळखतात... म्हणजे ते गाड्यांना. आमचा मिक्सर भिंतीपलीकडून ऐकून, "वैनी, त्याचा बुश गेलाय," असं त्यांनी सांगितलं होतं. आमचा सेक्रेटरी सत्यजीत हा पुण्याहून आलेला, कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचा गृहस्थ. तो एकदा गाडी काढत होता, तर वरून आवाज आला, "ओ सायेब, पट्टा कातरलाय. आज लांब जाऊ नका." सत्यजीतने वर बघितलं, हसला, आणि नंतर पळस्पे फाट्यावर भर उन्हात दोन तास उभा राहिला. तेव्हापासून त्याला दादूशेठ आवडत नाहीत. खरं बोलणारा माणूस एक वेळ चालतो. खरा ठरणारा अजिबात चालत नाही.

कीर्ती बंदरात क्रेन चालवते. लग्नाचं विचारलं की "बघू काका" म्हणते. तीन वर्षं तेच म्हणत होती, आणि मग एक दिवस एक लाल स्पोर्ट्स कार घेऊन आली. जुनी, परदेशी, दोनच माणसं बसतील अशी, आणि वयाने कीर्तीहून मोठी. माझ्या बायकोला, शोभाला, वाटलं स्थळ आलं. ठमाबाईंनी गाडीला एक फेरी मारली. पुढचं झाकण उघडलं तर आत इंजिनच नाही, ते मागे.

"उलट्या काळजाची गाडी हाय," त्या म्हणाल्या आणि तिला हळद-कुंकू लावलं.

गाडी देखणी होती, पण गळायची. कारण असं, की इंजिन मागे आणि त्याचं तेल थंड करणारी जाळी पार पुढच्या चाकाजवळ. तापलेलं तेल एका लांब नळीतून पुढे जातं, थंड होऊन दुसरीतून मागे येतं. दोन्ही नळ्या आमच्या खाऱ्या हवेने खाल्ल्या होत्या. पार्किंगमध्ये तेलाचं तळं साचायला लागलं आणि त्यावरून पहिला घसरलो तो मीच. लागलं काही नव्हतं, पण ते पडणं मी चारही मजल्यांवर इतकं मन लावून सांगितलं की शेवटी कमिटीची बैठक बसली. नोटीस निघाली: येत्या रविवारी सकाळी अकरापर्यंत गाडी स्वतःच्या इंजिनावर, तेल न गळता, गेटबाहेर निघाली तर ठीक. नाहीतर टोइंगवाला बोलावून ती खाडीकडच्या रस्त्यावर ठेवण्यात येईल. त्या रस्त्यावर ठेवलेल्या गाडीची चाकं तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीला असतात. खाली सत्यजीतची सही आणि कमिटी सदस्य म्हणून माझी.

मुंबईतल्या गॅरेजवाल्याने सांगितलं, नळ्या परदेशातून येतील, तीन महिने लागतील. कीर्ती जिन्यात उभी राहून फोनवर ऐकत होती. (मी योगायोगाने दाराआड होतो.) फोन ठेवल्यावर ती तिथेच पायरीवर बसली. दादूशेठ बाहेर आले.

"तेल म्होरं जातं नि मागं येतं. इतकंच ना?"

"इतकंच, बाबा. पण ही होडी नाहीये. काही बिघडलं तर इंजिन जाम होईल. मग नुसता पत्रा उरेल."

"होडीचं जाम झालं तर मानसं उरत नाय. रविवारी गाडी भाईर काढतो."

गुरुवारी काम सुरू झालं. खोबरेल तेल लावलेल्या गोणपाटात गुंडाळलेले पाने तीन वर्षांनी बाहेर आले. गाडी जॅकवर उचलून खाली लाकडाचे जाड ठोकळे दिले. विकलेली होडी किनाऱ्यावर याच ठोकळ्यांवर बसायची. होडी दिली, ठोकळे दिले नव्हते. तीन वर्षं ते आमच्या सामाईक पॅसेजमध्ये होते आणि मी त्यांवर कुंड्या ठेवत होतो.

पुढच्या जाळीवरच्या नटांपाशी काम अडलं. जाळी ॲल्युमिनियमची, नट लोखंडाचे, आणि इतक्या वर्षांच्या सहवासाने त्यांचं लग्न लागलेलं. एक पाना जाळीच्या बाजूला धरायचा, दुसरा फिरवायचा. दादूशेठनी दोन पाने लावले, हात जरासा दाबला आणि लगेच काढून घेतला.

"लावा की जोर, दादूशेठ! म्हावरं खाऊन कमावलेला हात आहे," मी म्हटलं.

"जोर लावला तर नट नाय निघनार, भाऊ. जालीची मान पिरगलंल. तुमी जरा गप राहता का?"

मी गप राहिलो. त्याची नोंद व्हायला हवी. अर्धा तास ते नुसते त्या नटाकडे बघत बसले. मग करवतीचं पातं घेऊन नट उभा कापायला लागले. पात्याच्या दोन फेऱ्या, मग बोटाने चाचपणं, पुन्हा दोन फेऱ्या. आतल्या आट्यांना पातं लागलं असतं तर जाळी फुकट. केसभर लोखंड उरलं तेव्हा थांबले, छिन्नी ठेवून एक हलकी टिचकी मारली, आणि नट शिजलेल्या तिसरीच्या शिंपल्यासारखा उघडला. आत सगळे आटे नव्यासारखे चमकत होते. दुसरा नटही तसाच. मी हे सगळं वाकून बघत होतो.

जुन्या नळ्या घेऊन कीर्ती पळस्प्याला गेली. तिथे ट्रेलरच्या हायड्रॉलिकचे पाइप बनवणारे बसतात. मापाप्रमाणे नवे पाइप कापून, तोंडांना नट दाबून, शनिवारी घेऊन आली.

आता बोळ्यांबद्दल सांगायला हवं. होडीवाल्यांची एक रीत आहे: इंजिनाचं काहीही उघडलं की त्या तोंडात लगेच फडक्याचा बोळा घालायचा, वाळूचा कण आत जाता कामा नये. प्रत्येक बोळ्याला जाळ्याच्या हिरव्या दोऱ्याचं वीतभर शेपूट बांधलेलं. बोळे एकाच हाताने द्यायचे आणि त्याच हातात परत यायचे. तो हात घरच्या बाईचा. तिने मोजून "भरले" म्हटल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, मग समुद्रात मासळी उसळत का असेना. जाळीची दोन तोंडं, इंजिनाकडची दोन, नव्या पाइपांची चार. ठमाबाईंनी जुनं लाल लुगडं फाडून आठ बोळे दिले होते.

"एवढं कशाला?" मी विचारलं होतं.

"ह्यांच्या थोरल्या भावानं एक बोळा आत ठेवून इंजिन चालू केलं होतं," ठमाबाई म्हणाल्या. "दोन दिवस होडी भरकटली. तवापासून मी मोजते."

शनिवारी संध्याकाळी इंजिनाकडची जोडणी झाली. ते चार बोळे ठमाबाईंच्या ओटीत परत गेले. पुढचं काम सकाळवर ठेवून सगळे वर चहाला गेले. मी गाडीपाशी जरा रेंगाळलो, पाहणीसाठी. तेवढ्यात माझ्या चपलेचा अंगठा निघाला. समोर एका पाइपाच्या तोंडातून हिरवं शेपूट लोंबत होतं. पक्का नायलॉनचा दोरा. मी तो ओढून तोडला, चप्पल बांधली आणि बोळा जरा बाहेर आला होता म्हणून बोटाने नीट आत ढकलून ठेवला. चांगलं खोल. व्यवस्थितपणा माझ्या रक्तात आहे.

रविवार म्हणजे मासळीवाल्यांची दिवाळी. ठमाबाई पहाटेच बाजारात गेल्या. पुढची जोडणी कीर्तीने केली, दादूशेठ मागे तेल भरत होते. एका पाइपाला शेपूट दिसेना, तेव्हा बाबांनी बोळा आधीच काढला असेल असं समजून तिने नट आवळला. साडेदहाला ठमाबाई टोपली घेऊन आल्या आणि सकाळी निघालेले बोळे त्यांनी ओटीत घेतले, तोवर अर्धी सोसायटी जमली होती. सत्यजीत नोटिशीची प्रत हातात घेऊन उभा. गेटबाहेर टोइंगवाला हजर. कीर्ती गाडीत बसली, चावी लावली. दादूशेठनी ठमाबाईंकडे बघितलं.

ठमाबाईंनी ओटीतले बोळे मोजले.

"सात."

"परत मोज."

"सातच हायत."

"कीर्ते, चावी काढ."

"बाबा, पडला असेल कुठेतरी!"

"काढ चावी."

सत्यजीतने घड्याळ बघितलं. "काका, एका चिंधीसाठी? अकराला दहा कमी आहेत. चालू करून तर बघा."

"चालू केली तर दोन मिन्टं चांगली चालंल, सायेब. तुमी टाळ्या पन वाजवाल. मग इंजिनाला तेल पोचनार नाय नि माज्या पोरीची गाडी इथंच मरंल."

"दादूशेठ, माझ्या बनियनची चिंधी देतो," मी म्हटलं. "आठ करा आणि मारा स्टार्टर!"

सगळे हसले. दादूशेठ हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पहिला संशय स्वतःवर घेऊन त्यांनी मागचे, स्वतः आवळलेले दोन्ही नट सोडून आतलं तपासायला सुरुवात केली. तेल पुन्हा पातेल्यात आलं. दोघांत काही नाही. पाच कमी. कीर्ती खाली उतरून बाजूला उभी राहिली, ओठ घट्ट मिटून. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, होडीवाला तो होडीवालाच.

पुढचे नट सोडायला आता वेळ उरला नव्हता. दादूशेठ उठले, हात पुसले.

"टोइंगवाल्याला आत घ्या," ते म्हणाले. "माजा शब्द खाली गेला. बंद गाडी न्या. मी रस्त्यावर बसून राखन करीन. पन बोळा गावल्याशिवाय चालू करनार नाय."

मी आजवर पुष्कळ माणसं हट्टाने बोलताना पाहिली आहेत, त्यात आवाज चढतो. यांचा उतरला होता. चाळीस वर्षांचं नाव सगळ्यांसमोर खाली ठेवत होते. मला एकाएकी बनियनचा विनोद फार वाईट वाटायला लागला. मी खाली मान घातली.

खाली मान घातली ती दोघांनी एकदमच. ठमाबाईंचीही नजर माझ्या पायाकडे होती.

"भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या चपलेला आमचं जालं कवा लागलं?"

मी तो पाय दुसऱ्या पायामागे घेतला. शोभा म्हणाली, "अहो!" त्या एका शब्दात आमचा तेवीस वर्षांचा संसार होता.

"पुढच्या बाजूचा," मी म्हटलं. "आतल्या अंगाचा पाइप. मी... बोटाने जरा आत ढकलला. नीट राहावा म्हणून."

मला वाटलं, आता पाना डोक्यात बसणार. दादूशेठ पुढच्या चाकाशी आडवे झाले. दोन पाने लावले. एक धरला, एक फिरवला. मग लांब चिमटा आत गेला आणि तेलाने चिंब झालेला लाल बोळा, जन्मल्यासारखा, बाहेर आला.

"कागद द्या कोनी, खाली तेल नको."

सत्यजीत सगळ्यांत जवळ होता. त्याने हातात होता तो कागद पुढे केला. दादूशेठनी बोळा त्यावर ठेवला. कागद नोटिशीचा होता. सत्यजीत त्या बोळ्याकडे आणि पसरत जाणाऱ्या तेलाकडे बघत होता.

"हा आत असता तर..."

"व्हय," दादूशेठ म्हणाले.

सत्यजीत गेटकडे गेला आणि टोइंगवाल्याला म्हणाला, "तुम्ही चहा घ्या. नंतर निघालात तरी चालेल." घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी कमिटी सदस्य म्हणून त्याकडे काणाडोळा केला. माझी तेवढीच लायकी होती.

नट आवळले, तेल भरलं. बोळा ठमाबाईंच्या हातात गेला. त्यांनी आठही बोळे पुन्हा पहिल्यापासून मोजले, घाई न करता, गिऱ्हाईक घाई करत असताना मोजतात तसे.

"भरले."

आधी इंजिन नुसतं फिरवून घेतलं, तेलाचा काटा हलेपर्यंत. मग कीर्तीने चावी पूर्ण फिरवली. ती गाडी कशी गरजली ते मी सांगणार नाही, मला त्यातलं कळत नाही. दादूशेठनी मान तिरकी केली, एवढं मात्र मी पाहिलं. बराच वेळ तशीच ठेवली. मग सरळ केली.

"जा," ते म्हणाले.

लाल गाडी गेटबाहेर गेली, चौकाला वळसा घालून दहा मिनिटांनी परत आली. लोक टाळ्या वाजवत होते आणि सत्यजीत सगळ्यांत जोरात. दादूशेठनी गाडीखाली एक कोरा पुठ्ठा सरकवला आणि त्याच्याशेजारी उकिडवे बसून राहिले. अर्ध्या तासाने पुठ्ठा बाहेर ओढला. दोन्ही बाजूंनी बघितला. कोरा. तो त्यांनी सत्यजीतला दिला नाही, कीर्तीला दिला. तिने तो अजून भिंतीवर जपलाय, फोटो लावतात तसा.

संध्याकाळी आमची बेल वाजली. दारात दादूशेठ, हातात हिरव्या दोऱ्याची गुंडी.

"भाऊ, चप्पल आना."

"अहो दादूशेठ, लाजवू नका. चुकलो मी."

"चुकलात ते चुकलात. पन गाठ काय बांधलीय ती! पळस्प्यापर्यंत तरी टिकंल का?"

दारातच बसून त्यांनी माझी गाठ सोडली आणि आपली घातली. शोभा गेले तीन महिने म्हणतेय, ती चप्पल टाका, नवी घ्या. मी कशी टाकू? अंगठा सोडून बाकी सगळी चप्पल झिजलीय.