अर्धं शटर

रात्री अकरा वाजता, परक्या गावात, नुसती बसायला जागा शोधायची वेळ तुमच्यावर कधी आली आहे का?

माझ्यावर आली. जव्हारात, एका मंगळवारी. आईला सलाईन लावलं होतं. बायकांच्या वॉर्डात रात्री पेशंटमागे एकालाच थांबू देतात, म्हणून आत मामी थांबली. खोडाळ्याला परतायला जीप नव्हती. व्हरांड्यात दोन प्यायलेले माझ्याकडे बघून हसायला लागले, तशी मी बाहेर पडले. सकाळपर्यंत उजेड आणि एक खुर्ची, एवढंच हवं होतं.

फोन दोन हॉटेलं 'उघडी' दाखवत होता. पहिल्याच्या पाटीवर 'चोवीस तास' आणि पाटीखाली कुलूप. दुसऱ्यात खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. बाजाराच्या दिवशी या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. आता माझ्याच चपलांच्या आवाजाने मी दोनदा मागे वळून पाहिलं.

आमच्या घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी चळवळीची पत्रकं आली. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. त्याच महिन्यात मी स्वतः एक लिहिलं होतं: 'रात्र कुणाच्या बापाची नाही!' उरलेल्या प्रती पिशवीत होत्या आणि ती पिशवी छातीशी घट्ट धरून मी जवळजवळ पळत होते.

एका अर्ध्या ओढलेल्या शटरखालून उजेड दिसला. वाकून पाहिलं तर एक काकू एकट्याच पातेली घासत होत्या.

"बंद झालंय."

"चहा नको, काकू. नुसतं बसू द्या."

त्यांनी मला निरखलं. "तू ती पत्रकं वाटणारी ना? रात्रीचं पत्रक भर दुपारी वाटत होतीस!" त्या हसल्या. "ये आत. पण शटर पूर्ण खाली घेणार हं."

"पूर्ण नको." बंद खोलीचीही मला भीती वाटत होती.

"बाई गं, मागे एक जण आजाऱ्यासाठी चहा पाहिजे म्हणून आत आला. गल्ल्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. मलाच धरायला आला."

शेवटी वीतभर फट ठेवली. मी त्या फटीकडे बघत बसले.

तासाभराने त्या फटीत दोन पाय येऊन थांबले. निळ्या स्लिपर, एकीचा पट्टा चिंधीने बांधलेला. शटरवर बोटं वाजली.

"कोणी आहे का? बायको बाळंत झालीय. गरम पाणी मिळंल का थोडं?"

काकूंनी झटकन दिवा मालवला. अंधारात त्यांच्या ओल्या हाताने माझं मनगट पकडलं. "तोही असंच बोलला होता," त्या कुजबुजल्या.

पातेल्यात पाणी होतं. शेगडी हाताच्या अंतरावर होती. मी आवाज देऊ शकले असते. पण माझे दात एकमेकांवर वाजत होते, आणि त्याला ते ऐकू जातील याचीच मला काळजी होती.

"देवा," तो बाहेर म्हणाला. पाय वळले. घासत, घासत लांब गेले.

उजाडल्यावर मामीला सोडवायला वॉर्डात गेले. आईच्या शेजारच्या खाटेखाली निळ्या स्लिपर होत्या. एकीला चिंधी. त्यांचा मालक भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला होता, मांडीत पाण्याची रिकामी बाटली. खाटेवर एक लहानखुरी बाई बाळाला पदराखाली घेऊन थरथरत होती.

"रात्रभर हिंडला बिचारा," मामी म्हणाली. "एकानेही दार उघडलं नाही. शेवटी नळाचं गार पाणी पाजलं तिला. गाव आहे का मसण!"

मी आईची चादर नीट करत राहिले.

काकूंना मी दोष देत नाही. त्यांची भीती खरी होती, माझीही खरी होती. पण पिशवीतली पत्रकं मी त्यानंतर वाटलेली नाहीत. त्यांऐवजी हे लिहिते आहे.

तुमचं हॉटेल किंवा टपरी दवाखान्याजवळ असेल, तर रात्री शटर जरूर ओढा, आतून कडीही लावा. फक्त बाहेर एक दिवा चालू ठेवा, एक बाकडं, आणि बाकड्यावर गरम पाण्याचा थर्मास. चोरीला गेला तर दुसरा ठेवा. आज रात्रीच ठेवा.