कापलेली बावीस मिनिटं

त्याचं खरं नाव दुकानात कुणी घेत नाही. सगळे त्याला 'तास' म्हणतात. कॅसेट तासाभराची असली की हा प्राणी तासभर तिच्यासमोर बसतो, म्हणून. जुन्या कॅमकॉर्डरची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायची तर ती जेवढी लांब तेवढा वेळ चालू ठेवावी लागते, हे मलाही ठाऊक आहे हो! पण बाकीचं जग केबल जोडतं, बटण दाबतं आणि चहाला जातं. हा जात नाही. कानाला हेडफोन लावून, हात मांडीवर ठेवून परक्यांचे वाढदिवस बघत बसतो.

मी एडिटर. दुकान माझं, कॉम्प्युटर माझे, कोपऱ्यातलं टेबलही मीच त्याला दिलेलं. उगाच आडपडदा कशाला, मी त्याच्यावर जळतो. सहा वर्षं झाली, रोज जळतो.

का नाही जळणार? लोक आठ-आठ तास भरतील एवढ्या कॅसेटा आणून टाकतात. त्यातून बघण्याजोगी वीस मिनिटं काढतो मी. मान माझी आखडते, डोळे माझे जातात. आणि ग्राहक मला काय म्हणतात? "आमच्या आत्याला का कापलंत?" अहो, तुमची आत्या चार मिनिटं नुसती खुर्ची शोधत होती! मग तीच माणसं तासच्या टेबलाशी जातात. तो हळूच विचारतो, "तुमचे मामा अजून तसेच दणकून शिंकतात का हो?" झालं! डोळ्यांना पदर काय, हातात हात काय, बिस्किटांचे डबे काय. मला मिळतात ती त्याच्या डब्यातली बिस्किटं, तो पुढे करतो म्हणून. आणि मेली चांगली लागतात.

माणूस तसा काडीपैलवान. खिशात कॅसेटचं यंत्र पुसायला कापसाच्या काड्या आणि स्पिरिटची बाटली. आधी टेलिफोन खात्यात होता, लोकांची बोलणी जोडून द्यायचा. लग्न केलं नाही, थोरल्या बहिणीकडे राहतो, भाचीच्या मुलांना शाळेत सोडून कामावर येतो. कधी आवाज चढवत नाही. भांडायलासुद्धा उपयोगाचा नाही.

गेल्या महिन्यात भर दुपारी माझी बायको दुकानात आली आणि माझ्यावरून सरळ पुढे त्याच्या टेबलाशी गेली. पर्समधून कॅसेट काढली. मी लांबूनच ओळखली. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मेव्हण्यानं नवा कॅमेरा घेतला होता आणि एक दुपारभर घरातल्यांचा पिच्छा पुरवला होता. पुढच्याच वर्षी सासरे गेले. त्यांचा आवाज असलेली ही एवढी एकच वस्तू तिच्याकडे उरली होती.

"भाऊजी, एवढी करून द्याल?"

मी खुर्ची गर्रकन फिरवली. "अगं, मी इथे काय गोट्या खेळतोय?"

"तुम्ही कापाल," ती म्हणाली. त्याच्यासमोर! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आठवडाभर मी तासशी बोललो नाही. एकदा तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "ती वहिनींची कॅसेट... जरा सांगायचं होतं."

"मला काही सांगू नकोस. तुझं आणि तुझ्या वहिनींचं काय ते बघा."

तो परत गेला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी तो जेवायला गेला तेव्हा मला आमच्या डिस्कवर ती फाइल दिसली. म्हटलं, याच्या हातून कशाला? मीच देतो तिला, आणि अशी करून देतो की बघतच राहील. माझी पद्धत अशी की पहिली कापाकापी आवाज बंद ठेवून करायची. नुसतं चित्र बघितलं की हात झपाझप चालतो. पहिली अडतीस मिनिटं मी जीव लावून केली. रंग सुधारले, हलणारा कॅमेरा स्थिर केला, सासऱ्यांचा चेहरा उजळला. पुढे मेव्हण्यानं कॅमेरा कुठेतरी ठेवला होता आणि बंद करायला विसरला होता. बावीस मिनिटं टेबलाचा पाय आणि टीचभर फरशी. असलं आम्ही दिवसाला दहादा उडवतो. उडवलं. नवी फाइल केली, जुनी पुसून टाकली. दोन दिवसांच्या मोठ्या लग्नाच्या शूटिंगला जागा हवी होती, आणि कॅसेट असताना फाइल पुसायला आमच्या धंद्यात कुणी भीत नाही. संध्याकाळपर्यंत लग्न त्या जागेवर चढलंही.

घरी तिला टीव्हीवर लावून दाखवली. वडील दिसले तशी ती पुढे सरकून बसली. हसली, डोळे पुसले. मी मनात म्हटलं, आता बोल! तेवढ्यात पडदा काळा झाला.

"पुढचं?"

"पुढे काही नाही गं, टेबलाचा पाय आहे नुसता."

"त्यात बाबा माझ्याशी बोलतात. भाऊजींनी फोन करून सांगितलं होतं." तिचा चेहरा उतरला. "कापलंत?"

"कॅसेट आहे ना! उद्या परत उतरवू. त्यात काय एवढं!"

सकाळी दोघं दुकानात गेलो. तासनं ड्रॉवर उघडला आणि कॅसेट टेबलावर ठेवली. फीत तुटून बाहेर आली होती, बोट लावलं की काळी भुकटी सुटत होती. "एकदाच चालणार, हे आधीच दिसत होतं," तो म्हणाला. "शेवटाला येऊन तुटली. फाइल जपून ठेव, एवढंच सांगायला आलो होतो."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. बायकोनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्टूल ओढून ती त्याच्यासमोर बसली.

"भाऊजी, तुम्ही सगळं ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग सांगा मला." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

मी! माझ्याच दुकानाबाहेर! काचेच्या दारातून बघत उभा राहिलो. तो सावकाश बोलत होता, मध्ये थांबत होता, परत बोलत होता. ती हसली. मग तोंडावर हात धरून रडली. मग रडतारडताच परत हसली. इतक्या वर्षांत माझ्या एकाही कामावर ती अशी हसली नव्हती. मी घड्याळ बघितलं. पठ्ठ्यानं पुरती बावीस मिनिटं घेतली.

तिला घरी सोडायला निघालो. अर्ध्या रस्त्यात मीच विचारलं, "काय म्हणत होते बाबा?"

"गुडघे दुखतात म्हणाले. आईला सांगू नकोस म्हणाले."

"आणि माझ्याबद्दल?"

"विचारलं त्यांनी. जावई तुझं बोलणं ऐकून घेतात का, की मध्येच तोडतात?"

माझे पाय थांबले. "मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, सगळं ऐकून घेतात, बाबा." आणि ती चालत पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी मी लाज सोडून तासच्या टेबलाशी गेलो. "एकच सांग. ती कशी म्हणाली ते? मनापासून, की आपलं बापाला बरं वाटावं म्हणून?"

त्यानं एका कानावरचा हेडफोन सरकवला. "वहिनींना विचार की."

"तिला आठवत नाही म्हणते."

त्यानं हेडफोन परत कानावर ओढला. "मग मी कसं सांगू?" म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं. कुणाच्या तरी पोराचा वाढदिवस सुरू झाला.

माझी बायको तेव्हा कोणत्या सुरात बोलली, हे आता जगात त्या एका माणसाला ठाऊक आहे. आणि मला रोज सकाळी दहापासून त्याच्या शेजारी बसून काम करायचं आहे.