मागच्या खोलीसकट घर

भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायची आणि लगेच घरातल्या माणसांकडे वळून म्हणायचं, "माफ करा हं." घर विकत घ्यायला निघालेला असा माणूस तुम्ही पाहिलाय? आमच्या चाळीत होता. भातगिरणीतून निवृत्त झालेले कारकून. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो.

चाळ पाडून मालकाला तिथं गोदाम बांधायचं होतं. आम्ही भाडेकरूंची समिती काढली, पत्रकं छापली, पनवेलच्या भिंती खळीनं चिकट करून सोडल्या. काका वर्गणी द्यायचे, सभेला मागं बसायचे आणि रविवारी गुपचूप घरं बघायला जायचे. मला संताप यायचा.

"काका, तुम्हीच पाय काढताय म्हटल्यावर मालकाचं फावणारच!"

"तुझं बरोबर आहे रे," ते ओशाळून म्हणायचे. "पण हिला या खोलीत श्वास पुरत नाही."

ते खरंच होतं. काकूंना दमा. खोलीला एकच खिडकी, तीही गिरणीच्या कोंड्याकडे उघडणारी. काकूंनी निम्मी भांडी कधीच गोणपाटात बांधून ठेवली होती. घर मात्र ठरत नव्हतं. कारण विकणारा बहुतेक अडलेला असतो, आणि अडलेल्या माणसाला त्याचं गळकं कौल दाखवायची काकांना लाज वाटायची.

शेवटी काकूंनी मला पकडलं. "तू जा बाबा सोबत. हे एकटे गेले की माफी मागून परत येतात."

ते घर उंचवट्यावर होतं. भिंती कोरड्या, खिडक्या समोरासमोर. काकांनी जमिनीवर तांब्याभर पाणी ओतलं. ते सरळ मोरीकडे गेलं. राहिली मागची विहीर. खाडी जवळ, त्यामुळे आमच्याकडे विहिरीचं पाणी चाखल्याशिवाय कुणी घर घेत नाही. मागच्या खोलीत एक आजी भाड्यानं राहायच्या, सगळा जन्म मिठागरावर काढलेल्या. त्यांनीच पोहरा ओढला.

"गोडा हाय. प्या."

गोडच होतं. काका आणखी एक पेला प्याले.

"व्यवहाराआधी ही खोली रिकामी करून देतो," घराचा मालक म्हणाला. "सांगितलं की जाईल."

आजींनी ऐकलं. त्या आत गेल्या आणि फळीवरची भांडी उतरवायला लागल्या. त्यांना वाटलं, आजच. काका धावत आत गेले आणि "अहो, नका, नका" म्हणत एकेक भांडं परत वर ठेवू लागले. त्या उतरवताहेत, हे चढवताहेत. मला आधी हसू आलं, मग ते गेलं.

"आम्हाला नाही जमणार," काका मालकाला म्हणाले आणि चपला हातात घेऊनच बाहेर पडले.

मी भारावलो. दुसऱ्याच दिवशी पत्रक काढलं: 'दुसऱ्या भाडेकरूचं छप्पर काढून मिळणारं घर नाकारणारा माणूस आपल्या चाळीत आहे!' नाव घातलं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं. काकांना रस्त्यात नमस्कार होऊ लागले.

मी पत्रक काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"अहो, पण घर घेऊन म्हातारीला तिथंच ठेवता आलं असतं की," त्या काकांना म्हणाल्या. "मला काय तिचं ओझं होणार होतं?"

हे काकांना सुचलंच नव्हतं. मलाही. मालक रिकामी खोली म्हणाला, आणि आम्ही दोघं तेवढंच धरून बसलो होतो.

"मग उद्या परत जा ना!" काकू म्हणाल्या.

काकांनी माझ्या हातातल्या पत्रकाकडे पाहिलं. "आता कसा जाऊ गं? सगळीकडे चिकटवलंय."

पत्रकातला एकही शब्द खोटा नव्हता, हे मी आजही सांगेन. घर एका व्यापाऱ्यानं घेतलं. त्याला खोली रिकामी हवी होती. ती त्याला मिळाली.

आजी उलव्याला पुतण्याकडे निघाल्या, तेव्हा काका बैलगाडीपाशी जाऊन उभे राहिले. मी थोडा मागं.

"मना वाटला तुमीच घ्याल," आजी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुमी घेतला असता तर मी इकरंच रायली असती."

चाळही पुढं पडलीच. काका-काकू कर्जतला मेहुण्याच्या ओसरीवर राहायला गेले. तिथं काकूंचा दमा कसा आहे, हे मी अजून विचारलेलं नाही.

निघताना काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पत्रक चांगलं होतं हो तुझं."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मी भांडलो असतो.