केर काढावा, पण टाकावा कुठं लिहिलंय?

"नोटिशीत काय लिवलंय ते वाचा की सायेब," म्हणत आबांनी माझीच नोटीस माझ्यापुढे धरली.

सकाळची वेळ. आबांचं पेढ्यांचं दुकान नुकतंच उघडलं होतं. दारामागे आदल्या संध्याकाळचा केर विस्कटून पडला होता आणि तिथून थेट खव्याच्या परातीपर्यंत उंदरांच्या लेंड्या होत्या.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सातारा आणि सांगलीच्या मधल्या एका गावात मी नगरपालिकेचा सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. गावाचं नाव सांगत नाही, आबांची नातवंडं अजून तिथंच पेढे विकतात. दुकानं, हॉटेलं, ऑफिसं यांतली झाडलोट, पाणी, मोरी तपासायची, हे माझं काम. घाण दिसली की आधी नोटीस. तरी ऐकलं नाही तर परवाना बंद. आबांना नोटीस देऊन झाली होती.

मी वाचलं, "दुकान बंद करताना रोज केर काढावा."

"मग? काढला की. टाकावा कुठं लिवलंय?"

मला सणकून राग आला, कारण म्हातारा बरोबर बोलत होता. केर काढणं म्हणजे झाडणं. तो भरून बाहेर टाकणं मी गृहीत धरलं होतं. दिवेलागणीनंतर केर बाहेर टाकला की लक्ष्मी जाते, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. माझी आईसुद्धा संध्याकाळचा केर कोपऱ्यात लोटून ठेवायची. पण आईच्या कोपऱ्याशेजारी खव्याची परात नव्हती.

"आबा, दिवाळी तोंडावर आलीय. परवाना गेला तर?"

आबांचा आवाज उतरला. "दिवाळीत दुकान बंद ऱ्हायलं तर वरीसभर खायाचं काय? पन सायेब, लक्ष्मीची पूजा बी करायची आन रोज सांजंला तिलाच भाईर हाकलायची, हे माज्यानं व्हनार न्हाई."

हा हट्ट नव्हता. माणूस खरोखर घाबरला होता, आणि मला त्याची दया आली. तरी खवा फेकून द्यायला लावला, परात घासून घेतली आणि संध्याकाळी त्यांना ऑफिसात बोलावलं.

आमचे हेल्थ ऑफिसर शिस्तीचे. सगळं ऐकून म्हणाले, "उंदीर आणि पेढे एका ठिकाणी चालणार नाहीत. परवाना थांबवा. कसल्या या खुळ्या समजुती!"

आबा टोपी हातात घेऊन दाराशी उभे होते. त्यांची नजर दारामागे गेली.

"सायेब, हितं कुनाची लक्ष्मी राखून ठिवलीया?"

दारामागे कागदाचे कपटे, शेंगांची टरफलं आणि विड्यांची थोटकं यांचा नीट लोटलेला ढीग होता. साहेबांनी शिपायाला हाक मारली.

"हा केर टाकला का नाही?"

"दिवं लागलं न्हवं का सायेब," शिपाई म्हणाला. एवढंही यांना कळू नये, असा त्याचा चेहरा होता.

साहेबांनी एकदा त्या ढिगाकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काहीतरी मार्ग काढा."

मी घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा सुचवला. संध्याकाळी केर डब्यात भरायचा, झाकण लावायचं आणि सकाळी डबा बाहेर रिकामा करायचा.

"आबा, लक्ष्मीला चालेल?" साहेबांनी विचारलं.

आबांनी विचार केला. "चालंल की. घरातच ऱ्हातीया न्हवं?"

मग मी न सांगता सकाळी सकाळी दुकानात जाऊ लागलो. कोपरा स्वच्छ, परात स्वच्छ. परवाना राहिला आणि दिवाळीत आबांच्या दुकानापुढे गर्दी मावेना. एक डबा आमच्या ऑफिसातही आला.

नोटिशीतलं वाक्य मी बदललं. "रोज केर काढून झाकणाच्या डब्यात भरावा." साहेबांनी मसुदा वाचला आणि पेन उचललं. "डबा सकाळी रिकामा करावा, हेही घाला. नाहीतर आबा विचारतील."

घातलं. नवीन नोटिशीनंतर पहिली तक्रार आली ती एका किराणा दुकानदाराविरुद्ध. त्यानं डबा शेजाऱ्याच्या दारात पालथा केला होता.

"सायेब," तो म्हणाला, "रिकामा कुठं करावा ते लिवलंय व्हय?"